होम्सचा संच भारी, पण मागची पात्रसूची कोणी केली बाबा

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून शेरलॉक होम्सचा मराठी संच घेतला, भाच्याला सुट्टीत वाचायला म्हणून, आणि वाचत बसलो मीच. ४ कादंबऱ्या, ५६ कथा, सगळं आलंय. टाइप मोठा, भाषांतर सरळ. दुसऱ्या खंडाचं बायंडिंग लगेच सुटलं, ते एक असो.

खरी बोंब शेवटच्या पानांवर. कोणतं पात्र कुठल्या कथेत येतं त्याची यादी दिलीय. भाचा म्हणला, मामा, होम्सच्या भावापुढं, मायक्रॉफ्टपुढं, दोनच कथा काहून? पोरगं बरोबर होतं. १८९३ ची ‘द फायनल प्रॉब्लेम’, ती धबधब्याची कथा आहे ना, त्यात वॉटसनला व्हिक्टोरिया स्टेशनला सोडणारा गाडीवान म्हणजे मायक्रॉफ्टच की, होम्स नंतर रेल्वेत सांगतोय तसं. आता तो झगा गुंडाळून बसला अन् एक शब्द बोलला नाही म्हणून आलाच नाही का? आमच्या गावात बहुरूपी फौजदार होऊन दारात यायचा तर आजी म्हणायची बहुरूपी आलाय, पीठ आण.

उलट होम्सचा वैरी मोरिआर्टी, त्याच्यापुढं ७ नोंदी! नॉरवुडच्या बिल्डरच्या कथेत होम्स नुसतं हळहळतो की हा मेल्यापासून लंडनमधे मजाच राहिली नाही, तीपण धरलीय. मेलेल्याची आठवण काढली की तो आला असं असंल तर आमचे आजोबा रोज जेवायला येतात. माझ्या मते खरी नोंद एकच, ती धबधब्याचीच, आणि तिथंबी वॉटसनला तो लांबूनच दिसतो, खोलीतली भेट होम्सच्या तोंडून कळते.

मी भाच्याला नियम सांगितला, पात्रानं त्या कथेत काम केलं पाहिजे, तर आला. होम्सला चकवणाऱ्या आयरीन अ‍ॅडलरचा फोटो धरायचा नाही, पण ती रात्री पोराच्या कपड्यात होम्सला गुड नाइट म्हणून जाते ते धरायचं. लगेच पठ्ठ्या म्हणतो, मग ‘व्हॅली ऑफ फिअर’मधे मोरिआर्टी समोर येत नाही पण सगळं घडवतो तोच, ते काम नाही का? मी म्हणलं अरे मायक्रॉफ्टनं गाडी स्वतः हाकली, ह्यानं दुसऱ्याच्या हातून केलं. पटलं नाही त्याला. मलाबी पूर्ण पटलं नाही, पण मामा आहे मी.

संच घ्या, पैसे वसूल आहेत. सूचीत आम्ही पेन्सिलीनं खुणा करायलोत, मोरिआर्टीपुढं सध्या प्रश्नचिन्ह आहे.