क्वाड की इनलाइन? आधी तोल कुठे जातो ते बघा

पहिले स्केट्स घेताना रंग आणि किमतीच्याही आधी एक गोष्ट ठरवायची: आपला तोल कुठल्या बाजूला गेलेला आपल्याला जास्त झेपेल?

क्वाडला पुढे दोन, मागे दोन चाकं. पाया रुंद असल्याने पाय डावी-उजवीकडे डगमगत नाही, नुसतं उभं राहणं चटकन जमतं. पण लांबीला तो आखूड. अंग जरा मागे रेललं की थेट माकडहाडावर. इनलाइनची चाकं एका ओळीत आणि पाया लांब. पुढे-मागे आधार चांगला, पण घोटे आत कलतात. त्याचा दोष नेहमी पायांना देऊ नका. बरेचदा बूट सैल असतो किंवा वरचं बक्कल नीट आवळलेलं नसतं.

दोन्हींत गुडघे इतके वाकवायचे की खाली पाहिलं तर बुटाची टोकं गुडघ्यांआड जावीत. नडगी बुटाला पुढून टेकलेली, हात समोर, नजर लांब. नवशिके गुडघ्यांऐवजी कंबरेत वाकतात आणि तिथेच फसतात. क्वाडवर एक पाय अर्धं पाऊल पुढे ठेवला की पाया आखूड असल्याची उणीव बरीच भरून निघते. इनलाइनवर जागच्या जागी उभं राहताना टाचा जवळ, चवडे बाहेर. म्हणजे चाकं आपोआप घरंगळत नाहीत.

थांबण्यात खरा फरक कळतो. इनलाइनचा ब्रेक टाचेला, बहुधा उजव्या. तो पाय पुढे सरकवून चवडा उचलायचा आणि खुर्चीवर बसल्यासारखं खाली बसायचं. क्वाडचा टो-स्टॉप, म्हणजे बुटाच्या टोकाखालचा ब्रेक, पुढे असतो, पण वेगात असताना तो समोरच टेकवला तर तोंडावर आपटाल. पाय मागे नेऊन तो हलकेच घासत आणावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ सगळा भार एका पायावर. मला टाचेचा ब्रेक शिकायला सोपा वाटतो.

सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील किंवा रस्ता खडबडीत असेल तर इनलाइनची ८० मिमीची चाकं खडे सहज ओलांडतात. क्वाडच घ्यायचे तर चाकं मऊ हवीत, ७८ए किंवा त्याच्या आसपासची (हे चाकाच्या कडकपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं चाक मऊ). गुळगुळीत रिंक जवळ असेल आणि मूल लहान असेल, तर मी बेलाशक क्वाड घेईन. मोठ्या माणसाला फिरण्यासाठी हवे असतील तर इनलाइन. मनगटाचे गार्ड मात्र दोन्हींसोबत त्याच दिवशी घ्या.