‘द नाइट डायरी’: मीरपूरखासची निशा आणि आमचं गांधीनगर

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. अस्तर, फॉल, लेस, सगळा माल महिन्यातून दोनदा जवळच्या गांधीनगरहून आणते. एकवीस वर्षं झाली. तिथले दुकानदार सिंधी, फाळणीत आलेले, एवढंच माहीत होतं. त्यापुढं कधी कुणाला विचारलं नव्हतं. यंदा आठवीतल्या लेकीनं हे पुस्तक आणलं आणि रोज रात्री मशीन झाकल्यावर आम्ही दोघींनी ते मोठ्यानं वाचून संपवलं.

वीरा हिरानंदानी यांची ही इंग्रजी कादंबरी २०१८ ची. दुसऱ्या वर्षी तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला न्यूबेरी ऑनर हा सन्मान मिळाला. गोष्ट सिंधमधल्या मीरपूरखासची. जुलै १९४७ मध्ये निशा आणि तिचा जुळा भाऊ अमिल बारा वर्षांचे होतात आणि घरचा स्वयंपाकी काझी निशाला एक वही देतो. निशा माणसांत फारशी बोलत नाही. आई बाळंतपणातच गेलेली. त्या न पाहिलेल्या आईला ती रोज रात्री वहीत पत्र लिहिते. वडील हिंदू डॉक्टर, आई मुसलमान. घर सोडायची वेळ येते तेव्हा काझी मागं राहतो, आणि आपण नक्की कुणाच्यातले हे पोरीला कळेनासं होतं.

वाळवंटातली पायपीट लेखिकेनं फार ताकदीनं लिहिली आहे. तिथं सगळा जीव पाण्यात अडकलेला. किती उरलं, कुणी किती प्यायचं, एवढाच विचार. अमिल पाण्यावाचून आजारी पडतो त्या पानावर माझी लेक उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि मग पुढं वाचायला लागली. मारामारी, रक्त पुस्तकात आहे, पण बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच. मला ते योग्य वाटलं.

त्याहून मला आवडला तो मामाच्या घरातला मुक्काम. मामाही बोलत नाही. दोन न बोलणारी माणसं एका स्वयंपाकघरात उभी राहतात आणि त्यांचं नातं जुळतं. तो भाग मी दुसऱ्या दिवशी एकटीनं पुन्हा वाचला.

एक उणीव मात्र सांगते. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तिथले पुष्कळ हिंदू जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर निघाले, आणि कितीतरी कुटुंबं बोटीनं मुंबईला उतरली. पुस्तकात फक्त जोधपूरची वाट आहे. लेखिकेच्या वडिलांचं घर त्याच वाटेनं आलं, म्हणून ते समजतं. पण मुलांना वाटेल, सगळे असेच आले.

आमच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ पासून महायुद्धातले पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर सिंधी कुटुंबं आली आणि त्याचंच गांधीनगर झालं. हे लेकीला सांगितल्यावर पुढच्या फेरीला ती माझ्याबरोबर आलीच. मी ज्यांच्याकडून अस्तर घेते त्या काकांना तिनं थेट विचारलं, “तुमच्या घरचे चालत आले का?”

काकांनी कापड मोजता मोजता गज खाली ठेवला. “न्हाई बाळ, बोटीनं. आई तेरा वर्षांची होती.” मग आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि पोऱ्याला घरी पाठवून भाजलेले पापड मागवले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्या दुकानात बसले.

इंग्रजी सोपं आहे, आठवीच्या पुढच्या मुलांना जमेल. पहिल्यांदा वाचताना मोठं कुणीतरी जवळ असावं. आमची प्रत सध्या काकांच्या नातीकडं आहे.