साखळीचा हात की वायरचा? फोल्डिंग छत घेण्याआधी

हातांवर, म्हणजे भिंतीपासून पुढं येणाऱ्या आणि मधे कोपरासारख्या मिटणाऱ्या दांड्यांवर, उघडणारं कापडी छत घ्यायचं तुमचं ठरलंय, कापड ॲक्रिलिकचं की पीव्हीसीचं आणि हँडल की मोटार हेही घरात बोलून झालंय, असं धरून चालतो. त्यावर सल्ला देणारे भरपूर भेटतात. हाताच्या कोपरात काय आहे ते मात्र विक्रेता आपणहून बोलत नाही, आणि रोजची कटकट नेमकी तिथूनच सुरू होते. आपल्याकडं मिळणाऱ्या मालात तिथं बहुतेक साखळी असते, नाहीतर प्लॅस्टिकच्या वेष्टनातली स्टीलची वायर. माझ्याकडं दोन्ही आहेत. सांगलीत मार्केट यार्डाजवळ चहा-भडंगाच्या दुकानावर साखळीचं, आणि नंतर घराच्या पश्चिमेच्या अंगाला घेतलेलं वायरचं.

काम दोन्हींचं एकच. हाताच्या नळीत ताणलेली स्प्रिंग बसवलेली असते. ती कोपरावरून साखळी किंवा वायर ओढत राहते आणि हात सतत बाहेर फाकायला बघतो. रोलर जेवढं कापड सोडेल तेवढंच त्याला पुढं जाता येतं, म्हणून कापड तंग राहतं. थोडक्यात, छत उघडते ती स्प्रिंग; हँडल मारून आपण फक्त तिला वाट देतो. जोर लागतो तो बंद करताना.

आधी एक गैरसमज बाजूला काढतो. ‘साखळी दणकट, वळवात टिकते’ असं मलाही ऐकवलं गेलं होतं. जरा हिशेब करा. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. एवढ्या वाऱ्याचा समोरून दाब चौरस मीटरला साधारण ६ किलो. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर बाहेर आलेलं छत १० चौरस मीटरचं, म्हणजे वारा खालून पुरता भरला तर ६० किलोचा हिसका. वारा दुप्पट झाला की ओझं चौपट. हे ओझं हाताला वर-खाली वाकवतं. साखळी काय, वायर काय, ओढते ती हात ज्या पातळीत मिटतो त्या पातळीत. वर-खालीच्या ओझ्याशी तिचा फारसा संबंधच नाही. ते झेलतात कोपराची पिन, खांद्याचा ब्रॅकेट आणि भिंतीतले बोल्ट. युरोपात या छतांसाठी ईएन १३५६१ हे मानक आहे. त्यातला वर्ग २ म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा. आपल्याकडं चैत्र-वैशाखात दुपार कलली की धूळ आधी येते आणि पाऊस मागून, तो झोत यापेक्षा सहज जास्त असतो. तेव्हा वळवाचं उत्तर छत मिटणं हेच.

हाताची मजबुती बघायचीच असेल तर कोपर आणि खांदा हलवून बघा. खांद्याच्या पिनेची उंची ५० मिलिमीटर धरा. पिनेभोवतीचं बुश, म्हणजे बारीक नळकांडं, झिजून तिथं अर्धा मिलिमीटर ढिलाई आली, तर अडीच मीटरवरचं टोक २५ मिलिमीटर खाली येतं. पुढची पट्टी एका बाजूला झुकलेली दिसते ती बरेचदा यामुळं. कोपर ओतीव आहे की फोर्ज केलेलं, म्हणजे दाबून-ठोकून घडवलेलं, हेही विचारावं. किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात राहून एवढं न विचारणं बरं दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. साखळीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. ती डोळ्यांना दिसते. कडी झिजली, पिन सैल झाली, गंज धरला, सगळं समोर. मोडायच्या आधी ती आवाज करते. आणि सायकलची साखळी हाताळलेल्या कुठल्याही माणसाला तिचं कोडं उलगडतं. वायर उलट अबोल. वेष्टनाच्या आत एकेक तार तुटत जाते आणि बाहेरून ती गुळगुळीतच दिसते.

पण धूळ. आमच्या भागात, आणि हळदीच्या हंगामात तर विशेषच, साखळी कोरडी ठेवली की काही दिवसांत करकरायला लागते. मग फिटर येतो, ग्रीस भरतो. ग्रीस धूळ धरतं, मार्केट यार्डाकडून येणारी पिवळी पूडही धरतं, आणि कोपरात एक काळपट लगदा तयार होतो. मे महिन्याच्या दुपारी तो पातळ होतो. छत पूर्ण उघडलेलं असताना कोपर येतं बरोबर बसायच्या बाकाच्या वर. सौद्याला आलेली माणसं पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, टोपीसकट. पुढचं सांगायला नको. चहाचे पैसे कितीही वेळा नको म्हटलं तरी त्या डागाची भरपाई होत नाही, आणि ‘वर बघून बसा’ असं गिऱ्हाइकाला सांगणं म्हणजे धंदाच नव्हे. बाक सरकवला तर ऊन, कोपराला फडकं गुंडाळलं तर ते मिटताना अडकतं. साखळी पुसून पुन्हा कोरडी ठेवली की करकर सुरू. घरासाठी छत घेताना माझा निर्णय या एका थेंबानं केला, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरचं वायरचं छत आवाज करत नाही आणि त्याला तेल लागत नाही. खाली पापड-कुरडया वाळत असतात, वर काय आहे याचा कुणी विचारही करत नाही. तुमच्याकडं धूळ कमी असेल, छताखाली माणसं बसत नसतील, नुसती काच किंवा माल झाकायचा असेल, तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित लागूच पडणार नाही.

वायर घेताना मात्र दुहेरीच घ्या. कोपरातली वळणाची जागा लहान असते, आणि वायर जितकी जाड तितकी ती लहान वळणावर लवकर थकते. साधारण सव्वाचार मिलिमीटरच्या एका वायरीचं बळ तीन-तीन मिलिमीटरच्या दोन वायरींत मिळतं, आणि त्या वळतात सहज. शिवाय एक गेली तरी दुसरी हात धरून ठेवते, तेवढ्यात दुरुस्ती होते. वेष्टनाला उन्हानं चिरा पडल्या, किंवा मिटताना कोपरापाशी बारीक तारा बाहेर डोकावू लागल्या, की वाट बघायची नाही. वायर बहुधा सुटी बदलता येत नाही, तिची टोकं कारखान्यातच दाबून बसवलेली असतात. त्यामुळं अख्खा हात बदलावा लागतो. साखळीवाला इथं हसतो, आणि त्याचं हसणं रास्त आहे.

तिसरा प्रकार पट्ट्याचा. जर्मन मालात तो दिसतो, निःशब्द आणि बिनतेलाचा. मला आवडला होता, पण सुटा भाग लागला तर तो कुठून आणि कधी येणार, याचं सरळ उत्तर मिळालं नाही म्हणून सोडून दिला. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यानं जरूर बघावा.

दरात साखळी-वायरचा फरक मला तरी निर्णय फिरवण्याइतका वाटला नाही. कापडात आणि मोटारीतच त्याहून जास्त वर-खाली होतं. कोटेशनवर ‘डबल वायर’ असं लिहून घ्या आणि बसवायच्या आधी कोपर अर्धं मिटवून आत डोकावून बघा. पुढं कधी हात उतरवायची वेळ आली, तर मिटलेल्या अवस्थेत तो पट्ट्यानं आवळून बांधल्याशिवाय कुणालाही बोल्ट सोडू देऊ नका. आतली स्प्रिंग तेव्हा पूर्ण ताणलेली असते, आणि सुटलेला हात समोरच्याच्या तोंडावर येतो. हे साखळीलाही लागू, वायरलाही.