कपडे वाळत घालायला स्टीलची उघडी तार, बरेच महिने वापरल्यावर

बाहेर मोकळ्यावर दोन खांबांमध्ये ६ मीटर अंतरावर स्टेनलेस स्टीलची पिळाची तार लावलीय, ३ मिमी जाडीची, दोन ओळी, आणि आता कडक ऊन, धो धो पाऊस, थंडी सगळं तिच्यावरून जाऊन झालंय म्हणून लिहायला बसले, कारण नवी असताना कुठलीही दोरी छानच वाटते. तार मला आवडलीय आणि ती राहणार. पण तार बदलली म्हणून कपडे लवकर वाळतात असं अजिबात नाही, ते सगळं ती कुठे बांधलीय, किती ताणलीय आणि दोन ओळींत किती जागा सोडलीय यावर असतं, म्हणून हे तारेबद्दल कमी आणि बांधण्याबद्दल जास्त होणार आहे.

आधी नायलॉनची दोरी होती. ती भिजली की सैल पडते आणि ओझ्याखाली लांबत जाते, रोज घट्ट करा आणि रोज मधे झोळ. नंतर प्लास्टिकचं आवरण असलेली लोखंडी तार आणली, ती सुरुवातीला मस्त, पण उन्हाने आवरणाला बारीक चिरा गेल्या, पाणी आत शिरलं, आत लोखंड गंजायला लागलं आणि बाहेरून काहीच दिसत नाही, दिसतं ते थेट पांढऱ्या चादरीवर, तपकिरी रेघ म्हणून, आणि गंजाचा डाग साध्या साबणाने जात नाही. उघड्या स्टीलचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो की लपायला जागाच नाही, ओल्या फडक्याने एकदा पुसली की साफ आहे की नाही ते लगेच कळतं.

आता झोळाचं, हे नीट वाचा. दोन टोकांत ६ मीटर अंतर असेल आणि मधे १५ सेंटीमीटर झोळ असेल तर ती तार सरळ रेषेपेक्षा किती लांब असते माहितीय? फक्त १ सेंटीमीटर. आणि दोरी नुसती १ टक्का लांबली, म्हणजे ६ सेंटीमीटर, तर मधला झोळ जातो ३५ सेंटीमीटरच्या पुढे. म्हणून नायलॉन एवढी लोंबते, त्यात दोरीच्या क्वालिटीचा दोष फारसा नसतोच. स्टील लांबत नाही म्हणून हा त्रास संपतो, पण मग दुसरी गोष्ट सुरू होते, लोक तार वीणेसारखी कडक ताणतात. तसं करू नका प्लीज. ओझं सगळीकडे सारखं पसरलं असेल तर ताणाचा हिशेब सोपा आहे, वजन गुणिले अंतर आणि त्याला झोळाच्या आठपटीने भागायचं, अंतर आणि झोळ दोन्ही मीटरमध्ये धरून. ८ किलो ओले कपडे, ६ मीटर अंतर, झोळ ५ सेंटीमीटर, तर टोकाच्या हुकवर १२० किलोचा ओढा येतो. तोच झोळ १५ सेंटीमीटर ठेवला की ४० किलो. कपडे तेच, तार तीच. भिंतीतून हुक उपटून येतात ते यामुळेच, आणि वर वारा सुटला की चादर शिडासारखी भरते ते वजन वेगळंच. मी सगळे कपडे घातल्यावर मधे साधारण वीतभर झोळ राहील एवढीच तार ताणलीय, एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा किंवा सैल करायचा आट्यांचा स्क्रू आहे, अधूनमधून दोन आटे फिरवले की झालं.

सोबत आलेल्या हुकांबद्दल मात्र तक्रार आहे. तार स्टेनलेस आणि हुक नुसते जस्ताचा मुलामा दिलेले! असे दोन धातू एकमेकांना लागून ओले राहिले की जस्त आधी झिजतं आणि मग खालचं लोखंड गंजतं, पहिल्या पावसातच हुकांवर पांढरी भुकटी आणि नंतर तांबूस डाग दिसले. बदलून स्टेनलेसचेच घेतले. जे समुद्राजवळ राहतात त्यांनी स्टेनलेसच्या नेहमीच्या ३०४ ग्रेडऐवजी ३१६ ग्रेडची तार मागा, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि खाऱ्या हवेत ती टिकते, ३०४ वर तिथे तपकिरी डाग धरतात.

वाळण्याचं बघू. मशीनमध्ये चांगलं पिळून निघालेल्या ५ किलो सुती कपड्यांतही साधारण ३ लिटर पाणी उरतं. हे ३ लिटर हवेत जायला जवळजवळ २ युनिट विजेएवढी उष्णता लागते, ती आपल्याला ऊन आणि हवा फुकट देतात, मला हे दरवेळी भारी वाटतं. पण सगळे उन्हाकडेच बघतात आणि वाऱ्याला विसरतात. ओल्या कापडाला लागून दमट हवेचा एक थर बसतो, तो हलला नाही तर वर कितीही ऊन असू दे वाळणं मंदावतं. म्हणून ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी माझे कपडे कितीतरी वेळा बंद कोपऱ्यातल्या उन्हापेक्षा आधी वाळलेत. दुसरं म्हणजे २० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते आणि ३० अंशाला ३० ग्रॅम, जवळपास दुप्पट, तेव्हा सकाळच्या थंड दमट हवेत कपडे नुसते लटकत राहतात आणि दुपारी दोन तासांत वाळतात यात नवल काही नाही. तार वाऱ्याला आडवी बांधा, दोन ओळींत हातभर अंतर ठेवा, आणि चादर बरोबर मधोमध दुमडून टाकू नका, दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि आत ओल राहते. एक पदर आखूड एक लांब ठेवला, किंवा दोन ओळींवर मिळून टाकली म्हणजे मधून वारा खेळतो.

टॉवेल कडक होतात ही सगळ्यांची तक्रार, माझीही होती. साबण राहिला म्हणून होतं असं म्हणतात आणि तेही असू शकतं, पण २०२० मध्ये जपानमधल्या काओ कंपनीच्या आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की सुती तंतूंवर अगदी शेवटपर्यंत चिकटून राहणारं थोडंसं पाणीच तंतूंना एकमेकांना जोडून धरतं. म्हणजे स्थिर हवेत वाळला की कडक, हलत हलत वाळला की मऊ. वाळत घालताना दोन-तीनदा जोरात झटका, काढतानाही झटका आणि हाताने चोळून घडी घाला, फरक खरंच कळतो.

वासाचं पण सांगते कारण मला बाहेर वाळवायला आवडतं त्याचं अर्धं कारण तेच आहे. त्याच वर्षी कोपनहेगनच्या रसायनशास्त्रज्ञांनी टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून तपासले, तर उन्हातल्या टॉवेलवर अल्डिहाइड आणि कीटोन या प्रकारची वासाची रसायनं सापडली, जी बाकीच्यांवर नव्हती, आणि यातली काही अत्तरांतही असतात. म्हणजे तो वास मनाचा खेळ नाहीये! आणि याच्या उलट घरात कपडे हळूहळू वाळले की येणारा कुबट वास, त्यामागे मोराक्सेला नावाचा जिवाणू असतो हे २०१२ मध्ये छापून आलंय, तो ओल राहिली की वाढतो, म्हणून धुवून झालेले कपडे मशीनमध्ये तासन्‌तास पडू देऊ नका, तिथेच अर्धं काम बिघडतं.

ऊन रंग खातं हे खरंच आहे, गडद कपडे आणि जीन्स उलटे करून घाला, खिसे बाहेर काढा, वाळले की लगेच काढा. लोकरीचं काहीही तारेवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने ते लांबतं आणि परत पूर्वीसारखं होत नाही, आडवं पसरूनच वाळवायचं.

तारेचे तोटे सांगायलाच हवेत. बारीक आहे त्यामुळे टीशर्ट मधोमध टाकला की छातीवर रेघ पडते, म्हणून खालच्या शिवणीला चिमटे लावून उलटा टांगायचा. गुळगुळीत आहे त्यामुळे हँगर घसरत घसरत मधे गोळा होतात, मी तारेवर ठरावीक अंतराने जाड रबरी नळीचे तुकडे चिरून बसवलेत, आता सरकत नाहीत. भर दुपारी तार हाताला चटका देते. कापलेल्या टोकाला टोपी लावलीच पाहिजे, सुटलेला एक धागा बोटात घुसतो आणि कपड्यातही अडकतो.

चिमटे प्लास्टिकचे असतील तर उन्हाने ठिसूळ होऊन बोटातच तुटतात, लाकडी टिकतात पण त्यांची स्प्रिंग गंजते आणि डाग देते, अख्खे स्टीलचे महाग आहेत पण माझे अजून पहिल्यासारखेच आहेत. काहीही घ्या, काम झालं की टोपलीत घालून आत न्या, तारेवर सोडू नका.

आणि उंची, ज्यांच्या घरात मुलं आहेत किंवा अंगणातून कुणी सायकलने जातं त्यांनी हे आधी ठरवा. संध्याकाळी बारीक स्टील अजिबात दिसत नाही, आणि गळ्याच्या उंचीवर ती फार धोकादायक आहे. सगळ्यात उंच माणसाच्या डोक्याच्या वर बांधा, हात पुरत नसेल तर खाली पायरी ठेवा पण तार खाली आणू नका. माझ्या दोन्ही ओळींवर रंगीत फडकी बांधलेली असतात, कपडे नसतानाही, आणि मोकळं लोंबणारं टोक कुठेच ठेवलेलं नाही.