मुंबई सोडून पुण्याला यावं का? दोन्ही शहरं शेजारी ठेवून

हा प्रश्न बहुतेकांना भाड्यावरून सुचतो. अकरा महिन्यांचा करार संपतो, घरमालक नवा आकडा सांगतो आणि त्याच रात्री मोबाइलवर पुण्यातले टूबीएचके बघायला सुरुवात होते. माझंही तसंच झालं. घाटकोपरला आमचं वनबीएचके होतं. तेवढ्याच भाड्यात वाकडला टूबीएचके, दोन बाल्कन्या आणि खाली पोहण्याचा तलाव दिसला. २०१७ साली टेम्पोत सामान भरून घाट चढलो. त्या तलावात मी एकूण दोनदा उतरलो.

आता ओळखीतले लोक फोन करून विचारतात, "महिन्याला किती वाचतात रे?" मी उलट विचारतो, "पुण्यात म्हणजे कुठे? आणि ऑफिस कुठे?" बाकी सगळं यावर ठरतं.

रोजचं जाणं-येणं

मुंबईत अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. 'फास्टने अर्धा तास' म्हटलं की समजतं. गर्दी अंगावर येते, घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यापासून फलाटापर्यंत सकाळी माणूस स्वतः चालतच नाही, लोकच नेतात. पण आठ-बावीसची लोकल चुकली तर आठ-सव्वीस असते, सेकंड क्लासचा महिन्याचा पास काही शेकड्यांत येतो आणि गाडी चालवण्याचं काम दुसऱ्या कोणाचं तरी असतं. घरातल्या चार माणसांची ऑफिसं आणि कॉलेजं चार दिशांना असली तरी घर स्टेशनजवळ आहे एवढ्यावर निभतं. आता कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रोही २०२५पासून पूर्ण धावू लागली आहे, म्हणजे रेल्वेच्या रुळांपासून दूर असलेले भागही जोडले गेले.

पुण्यात अंतरं कागदावर कमी आहेत. पीएमपीची बस आहे, मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका आहेत आणि त्या सिव्हिल कोर्टला एकमेकींना छेदतात. तुमचं घर आणि ऑफिस दोन्ही या दोन रेघांवर चालत जाण्याच्या अंतरात पडत असेल तर तुम्ही नशीबवान, पुढचं वाचायचीही गरज नाही. बाकीच्यांना स्वतःचं वाहन लागतं. 'लागतं' म्हणजे सोय म्हणून नव्हे, दूध आणायलासुद्धा. घरात जेवढी कमावती माणसं तेवढ्या दुचाक्या, आणि दोन पावसाळे काढले की एक कार. भाड्यात वाचलेले पैसे कुठे जातात ते पेट्रोल पंपावर कळतं.

बायकोने चौतिसाव्या वर्षी स्कूटर शिकायला घेतली. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, खांबांच्या मधून, मी मागे पळतोय आणि ती ओरडतेय, "सोडू नकोस!" मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसाला गाडी येत नाही हे तिथे कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे ती अडचण होते. तुमच्या घरात कोणाला गाडी चालवायची भीती वाटत असेल तर हा मुद्दा भाड्याच्या वर ठेवा.

आमची खरी चूक वेगळीच होती. घर वाकडला घेतलं आणि ऑफिस खराडीला. नकाशावर पंचवीसेक किलोमीटर दिसत होते. घाटकोपर ते चर्चगेट करणाऱ्याला त्याचं काय? आठला निघून पावणेदहाला पोचायचो, तेही स्वतः क्लच दाबत. लोकलमध्ये निदान डुलकी लागते. अकरा महिने झाल्यावर चंदननगरला घर बदललं, ऑफिस चार किलोमीटरवर आलं आणि त्या दिवसापासून मला पुणे आवडायला लागलं.

म्हणून पुण्याकडे एक शहर म्हणून बघू नका. हिंजवडी-वाकड-बाणेर हे एक गाव, खराडी-विमाननगर-मगरपट्टा-हडपसर हे दुसरं, आणि चाकण-भोसरी-तळेगाव हा कारखान्यांचा पट्टा तिसरं. नोकरी ज्या गावात, घर त्याच गावात. नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील आणि एकाचं ऑफिस हिंजवडीला, दुसऱ्याचं खराडीला असेल, तर कोणीतरी एक जण रोज सोसणार हे आधीच ठरवून घ्या. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि अंधेरी अशा जोडीला मुंबईत हा प्रश्नच पडत नाही.

घर

जागा पुण्यात मोठी मिळते, यात वाद नाही. मुलाला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, आईला खिडकीजवळचा पलंग मिळाला. वनबीएचकेत पाच माणसं राहिलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

विकत घेणार असाल तर एक बारीक हिशेब बघा. मुद्रांक शुल्क मुंबईत मेट्रो अधिभार धरून ६ टक्के आहे, पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के. महिलेच्या नावावर घेतलं तर दोन्हीकडे एक टक्का सूट. ८० लाखांच्या घराला हा एका टक्क्याचा फरक ८० हजारांचा होतो. पण मूळ किमतीतला फरक एवढा असतो की त्यापुढे हे काहीच नाही.

पाण्याचा फरक मात्र मोठा आहे, आणि तो जाहिरातीत नसतो. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं: भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी. वेळ ठरलेली, दाब कमी-जास्त, पण बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी येतं. पुण्याच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं आहेत आणि जुन्या पेठांत, कोथरूडमध्ये पाण्याची चैन होती असं जुने लोक सांगतात. अडचण कडेच्या भागांची आहे. २०१७ साली ११ गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं, पण हद्द एका अधिसूचनेने वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. तिथल्या टोलेजंग सोसायट्या टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो.

घर बघायला गेलात की एजंटला पाण्याचं काही विचारू नका. तो "चोवीस तास" म्हणणार. खाली गेटवर सुरक्षारक्षक असतो, त्याच्या टेबलावर टँकरची वही असते. "एप्रिलमध्ये दिवसाला किती येतात?" एवढंच विचारा. आमच्या दुसऱ्या घरावेळी त्या माणसाने वही उघडून दाखवली: नऊ, अकरा, अकरा, चौदा. आम्ही दोन इमारती पलीकडे घर घेतलं.

गुरुवार हाही इथला शब्द शिकून घ्या. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर तो वार गुरुवार, आणि महावितरणचीही देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टर धरूनच हिशेब करावा. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीच्या विजेवर वाढलेल्यांना इन्व्हर्टर ही गावाकडची वस्तू वाटते.

नदीकाठचं घर स्वस्त मिळत असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं हे दाखवणारी नकाशावरची रेघ, कुठून जाते ते बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. मुंबईकराला २६ जुलै २००५ आठवतो, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पुण्यात पाऊस त्या मानाने फारच कमी, वर्षाचा मिळून साधारण सातशे मिलिमीटर. तरी जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरलं. इथे नदीकाठी पूर आभाळातून कमी आणि धरणातून सोडलेल्या पाण्यातून जास्त येतो.

हवेबद्दल एवढंच, की साडेपाचशे मीटर उंचीमुळे पुण्यात घाम कमी आणि डिसेंबरात खरी थंडी. बांधकामांची धूळ दोन्हीकडे सारखी.

नोकरी, आणि ती गेली तर

आताची नोकरी सगळेच बघतात. मी पुढच्या नोकरीबद्दल बोलतोय. बँका, विमा, शेअर बाजार, जाहिरात, चित्रपट-मालिका, उच्च न्यायालयातली वकिली यांचं माहेर मुंबईच. या क्षेत्रातला माणूस पुण्यात एखादी चांगली जागा धरून येऊ शकतो, पण ती सुटली तर दुसरी इथेच मिळेल याचा भरवसा कमी. उलट सॉफ्टवेअर, वाहन उद्योग आणि त्याचे सुटे भाग, संशोधन संस्था, लस आणि औषधं यांत पुणे खोल आहे. इथे माणूस गल्ली न बदलता तीन कंपन्या बदलतो.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्त्यात तोटा नाही, मुंबई आणि पुणे दोन्ही 'एक्स' वर्गात, म्हणजे सर्वांत जास्त भत्त्याच्या शहरांत आहेत. खासगीत मात्र बदली मागून घेताना पगाराची रचना तीच राहणार का, हे ईमेलवर लेखी घ्या. तोंडी "हो हो" म्हणणारा साहेब सहा महिन्यांत स्वतःच बदलून जातो.

राहायचं पुण्यात, नोकरी मुंबईत?

हा तिसरा पर्याय प्रत्येकाच्या मनात येतोच. डेक्कन क्वीन १९३०पासून हेच करते आहे. सकाळी सव्वासातला पुणे सोडायचं, दहा पंचवीसला सीएसएमटी. संध्याकाळी पाच-दहाला निघून साडेआठच्या आत परत. पासवाल्यांचे गट, ठरलेल्या जागा, गाडीतले वाढदिवस हे सगळं खरं आहे. पण पाच-दहाची गाडी धरायची म्हणजे बीकेसीतल्या माणसाने चारला उठायला हवं. असं उठू देणारं ऑफिस किती जणांचं असतं? घर ते पुणे स्टेशन धरलं तर दिवसाचे आठ तास प्रवासात जातात. आठवड्यातून दोन दिवस जायचं असेल तर जमतं. पाच दिवस करणारे मी पाहिलेत. ते रविवारी फक्त झोपतात.

द्रुतगती मार्गाने कारने जायचं तर २०२३पासून एका फेरीचा टोल ३२० रुपये, येऊन-जाऊन ६४०, इंधन वेगळं. शिवाय शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात अडकलेला माणूस टोलबद्दल तक्रार करत नाही, त्याच्यापुढे त्याहून मोठे प्रश्न असतात.

घरातली म्हातारी माणसं

हे मी सगळ्यात शेवटी बघितलं, आणि ते चुकलं. घाटकोपरला आई सकाळी एकटी खाली उतरायची. भाजी, देऊळ, दाताचा डॉक्टर, मैत्रिणी, सगळं दहा मिनिटांत पायी. वाकडला सोसायटीत बाग होती, बाकं होती, पण गेटबाहेर रुंद रस्ता आणि पदपथावर गाड्या. ती म्हणायची, "इथे सगळं आहे, पण कुठे जायचं नाही." पेठांत, कोथरूडला, सहकारनगरला हे होत नाही, तिथे अजून चालता येतं. नव्या टोकांना मात्र ज्येष्ठ माणूस मुलाच्या गाडीवर अवलंबून राहतो.

आजारपणाचाही विचार करा. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर अशी महापालिकेचीच मोठी रुग्णालयं आहेत आणि कर्करोगासाठी टाटा. पुण्यात सरकारी म्हणजे मुख्यतः ससून, पिंपरीत तिथल्या महापालिकेचं वायसीएम (यशवंतराव चव्हाण रुग्णालय). बाकी भिस्त खासगीवर. पुण्यात खासगी डॉक्टर उत्तम आहेत, पण आरोग्य विम्याची रक्कम वाढवूनच या.

कागदपत्रांचं ओझं मात्र फार नाही, राज्य तेच असल्याने. गाडीचा नंबर बदलत नाही, पत्ता तेवढा बदलायचा. मुलं राज्य मंडळाच्या शाळेत असतील तर पुस्तकंही तीच. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८.

तर माझं मत. नोकरी पुण्यातली, दोघांची ऑफिसं एकाच बाजूला, गाडी चालवायची तयारी, लहान मुलं: खुशाल या, दोन वर्षांत मुंबईची आठवण फक्त वडापाव खाताना येईल. बँकिंग किंवा मनोरंजन क्षेत्र, घरात गाडी न चालवणारे दोघं-तिघं, आई-वडील सोबत: राहा तिथेच, फार तर ठाण्याला किंवा नवी मुंबईला सरका.

घर बघायला शनिवार-रविवारी येऊ नका. रविवारचं पुणे सगळ्यांनाच आवडतं. मंगळवारी या, होऊ घातलेल्या घरापासून ऑफिसपर्यंत सकाळी नऊला एकदा जा, संध्याकाळी साडेसहाला परत या. आणि मुंबईतलं घर स्वतःचं असेल तर पुण्यातला पहिला करार संपेपर्यंत ते विकू नका, भाड्याने द्या. माझ्या एका मित्राने येण्याआधीच मुलुंडचं घर विकलं. दीड वर्षात त्याला परत जायचं होतं. तोवर त्याच पैशांत त्याला डोंबिवलीपर्यंत मागे जावं लागलं.