वसुलीवाल्यांकडूनच वसुली: शेरीफच्या सिव्हिल खिडकीला साडेतीन तारे

इथे कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स कोर्टाचा, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाचा, निकाल माझ्या बाजूने लागला, तेव्हा घरच्यांना वाटलं आता चेक येईल. समोर होती कर्जवसुली कंपनी. दवाखान्याचं फेडून टाकलेलं बिल ती पुन्हा पुन्हा मागत राहिली, पत्र पाठवूनही थांबली नाही. कर्जवसुलीतल्या गैरप्रकारांवरच्या 1977 च्या फेडरल कायद्याप्रमाणे, म्हणजे एफडीसीपीएप्रमाणे, प्रत्यक्ष नुकसानीखेरीज हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. मला ती आणि कोर्टखर्च मंजूर झाला. त्यानंतर कंपनीने तोंडात मिठाची गुळणी धरली. अपिलाची मुदत उलटली, मालमत्तेची माहिती द्यायचा एससी-133 फॉर्मही आला नाही. लोकांना दिवसरात्र फोन करणाऱ्यांकडे आपला फोन मात्र कुणी उचलत नाही.

कोर्ट निकाल देतं, पैसे वसूल करून देत नाही. ते काम शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) पोलिसप्रमुखाच्या, सिव्हिल विभागाचं, आणि हा अभिप्राय त्या खिडकीबद्दल आहे.

आधी कोर्टातून रिट ऑफ एक्झिक्युशन, म्हणजे वसुलीचा हुकूम, काढायचं, फॉर्म ईजे-130. ते एका काउंटीपुरतं असतं आणि लेव्हीसाठी, म्हणजे खात्यातले पैसे जप्त करण्यासाठी, 180 दिवस चालतं. मग शेरीफला लेखी सूचना द्यायच्या: कुठली बँक, कुठली शाखा, खातं कुणाच्या नावावर. खिडकीवरच्या बाईंनी माझा कागद वाचला, कंपनीच्या नावातल्या 'एलएलसी'वर बोट ठेवलं आणि रिटवरचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. मी स्वतः हिशेबतपासनीस आहे, असली नजर मला ओळखू येते. त्यासाठी एक तारा जास्त.

पण खातं शोधून देणं हे शेरीफचं काम नाही, आणि इथेच घोडं पेंड खातं. बिल मी याच कंपनीला चेकने भरलं होतं. माझ्या बँकेच्या साइटवर त्या वटलेल्या चेकच्या मागच्या बाजूचं चित्र होतं, त्यावर कंपनीच्या बँकेचा शिक्का. मी खूश झाले, पण शिक्क्याखालची ओळ वाचली तर 'ट्रस्ट अकाउंट'. म्हणजे दवाखान्यासाठी गोळा केलेले पैसे. त्या खात्यावर लेव्ही टाकली की 'हे पैसे आमचे' म्हणून तिसरा पक्ष हक्क सांगायला येऊ शकतो. पगार आणि भाडं ज्यातून जातं ते चालू खातं हवं होतं.

त्यासाठी कोर्टाकडून डेटर एक्झॅमिनेशनचा, म्हणजे देणेकऱ्याच्या चौकशीचा, हुकूम घेतला. कंपनीच्या वतीने कुणीतरी हजर राहून शपथेवर उत्तरं द्यायची, सोबत बँकेची स्टेटमेंट्स आणायची. हुकूम रीतसर बजावूनही माणूस आला नाही तर न्यायाधीश वॉरंट काढू शकतात. आला. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण खात्याचा नंबर मिळाला.

आता खिडकीचा कमकुवत भाग. फोनवर माणूस मिळणं मुश्कील. बँकेवर लेव्ही बजावली त्या क्षणी खात्यात जे असेल तेवढंच अडकतं, दुसऱ्या दिवशी आलेले पैसे सुटतात. म्हणून तारीख महत्त्वाची. महिनाअखेरीच्या पगाराआधी बजावा अशी विनंती मी सूचनापत्रात लिहिली. त्यांनी ती मान्यही केली नाही, नाकारलीही नाही, त्यांच्या सोयीने माणूस गेला. नशिबाने खातं भरलेलं होतं. नसतं तर पुन्हा फी भरून पुन्हा लेव्ही. ही फी निकालाच्या रकमेत धरता येते, पण आधी आपल्याच खिशातून जाते. अर्धा तारा यात गेला, आणखी एक तारा गेला पैसे आपल्या हाती यायला लागलेल्या वेळेपायी.

घाई नसेल त्यांच्यासाठी: निकाल 10 वर्षं चालतो, मुदतीत नूतनीकरण करता येतं, आणि अशा कंपनीवर वर्षाला 10 टक्के सरळव्याज चढतं. बँकेच्या ठेवीपेक्षा बरं. वसुली कंपनीला राज्याच्या डीएफपीआय या आर्थिक व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या खात्याचा परवाना लागतो, त्यासाठी किमान 25,000 डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, ठेवावा लागतो. निकाल थकवल्याची तक्रार तिथेही करता येते. मी कंपनीला पाठवलेल्या पत्रात परवान्याचा नंबर आवर्जून टाकला होता.

'वसूल झालं तर 50 टक्के' म्हणणाऱ्या खासगी सेवाही भेटतात. मोठ्या रकमेला ठीक असतील. हजाराच्या निकालातले निम्मे दुसऱ्याला द्यायला माझं मन झालं नाही.

शेरीफकडून चेक आल्यावर त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: रक्कम चुकती झाल्याची पोच, फॉर्म एससी-290, ताबडतोब कोर्टात दाखल करा. भाषा नेहमीचीच, धमकीची. पोच मी दिली, कायद्याने द्यावीच लागते.