रनफ्लॅट काढून साधे टायर : ठाण्यातल्या एका बिलाची चिरफाड

गाडी मिनी कूपर, कंपनीचे टायर 195/55 आर16 रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे. राहणं घोडबंदर रोडला, म्हणजे पावसाळ्यात गायमुख घाटाचे खड्डे रोजचेच. रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते. त्यामुळे हवा गेल्यावरही तो ताशी 80 किलोमीटरच्या आत साधारण 80 किलोमीटर चालतो. पण त्याच ताठपणामुळे खड्ड्याचा दणका टायर गिळत नाही, थेट रिमला आणि पाठीला पोचतो. ते काढून साधे टायर घालायचं ठरवलं, यात चूक काहीच नव्हती.

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर ठाण्यातल्या एका दुकानात हे काम झालं. बिल 42,300 रुपये. महिन्याभराने दुसऱ्या टायरवाल्याने गाडी लिफ्टवर घेऊन आतून टॉर्च मारला, तेव्हा प्रकार उघडा पडला.

सुरुवात ‘इम्पोर्टेड ऑल सीझन’ या शब्दांपासून. दुकानदाराने टायरवरची ‘एम प्लस एस’ ही अक्षरं दाखवली, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. ही खूण उत्पादक चाचणीशिवाय स्वतःच छापू शकतो. बर्फावरची चाचणी पास झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. ठाण्याला या दोन्हींचा उपयोग शून्य. इथे हवी ओल्या रस्त्यावरची पकड आणि मे महिन्यातल्या डांबराला टिकणारं रबर, आणि ते साध्या टूरिंग, म्हणजे रोजच्या वापराच्या टायरमध्ये मिळतं. मुख्य म्हणजे कंपनीचा 195/55 आर16 हाच साइज ह्युंदाई आय-ट्वेंटीच्या वरच्या मॉडेलला येतो. भारतीय बनावटीचा माल सहज उपलब्ध असताना ‘परदेशातून मागवावा लागेल’ ऐकलं की तिथेच थांबायला हवं.

बसवलेले टायर मात्र 195/55 नव्हतेच, 195/50 होते. दुकानदार म्हणाला, ‘एकच आहे हो साहेब, जरा स्पोर्टी.’ एकच नाही. 55 आणि 50 हे रुंदीच्या मानाने टायरच्या उंचीचे टक्के. बाहेरचा व्यास 621 मिलिमीटरवरून 601 वर येतो. गाडी जवळपास 10 मिलिमीटर खाली बसते, म्हणजे स्पीडब्रेकरला पोट घासण्याची सोय. मीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 97 च्या आसपास असते, आणि धावलेले किलोमीटरही फुगतात. खड्ड्यात रिम वाचवायला जे रबर लागतं तेच कमी झालं, म्हणजे ज्यासाठी खर्च केला त्यावरच पाणी.

याहून वाईट म्हणजे भार. मूळ टायरवर 87 होतं, यावर 84. हा लोड इंडेक्स. 87 म्हणजे एका टायरला 545 किलो, 84 म्हणजे 500. मूळ आकड्यापेक्षा खालचा इंडेक्स कधीच घ्यायचा नाही. साइज, इंडेक्स आणि हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतात. टायर रिमवर चढण्याआधी तो स्टिकर आणि टायरची बाजू शेजारी ठेवून वाचायला दोन मिनिटं लागतात.

हा अडगळीतला साइज गळ्यात का मारला? उत्तर आतल्या बाजूला होतं. चारही टायरवर ‘3119’. म्हणजे 2019 सालचा 31 वा आठवडा. जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीला परवाना लागतो. हा त्याआधीचा पडून राहिलेला माल, सहा वर्षांचा, काळं पॉलिश मारून चकचकीत केलेला. तारखेसह पूर्ण डॉट क्रमांक (टायरच्या निर्मितीचा कोड) टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो. ती बाजू आत वळवली की उभ्या गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. म्हणून तारीख बसवण्याआधीच वाचायची आणि चारही क्रमांकांचे फोटो काढायचे. आयएसआयची खूणही तेव्हाच पाहावी.

आता किरकोळ वाटणाऱ्या ओळी. ‘सेन्सर प्रोग्रामिंग, 2,400.’ या गाडीच्या चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर नाहीच; ती एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मोजते त्या चाकफेऱ्यांवरून हवा गेल्याचं ओळखते. टायर बदलल्यावर मेनूतून रीसेट करून थोडी गाडी चालवायची, खर्च शून्य. मीटरवर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दिसत असेल, तर सेन्सर आहे असं समजावं.

‘कॅम्बर करेक्शन, 1,500.’ कॅम्बर म्हणजे चाकाचा आत किंवा बाहेर झुकलेला उभा कल. स्क्रीनवर लाल आकडे दाखवून हे सर्रास काढलं जातं. या गाडीच्या पुढच्या चाकांचा कॅम्बर फिरवण्याचा बोल्ट कंपनीने दिलेलाच नाही; अलाइनमेंटला पुढे फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळली आहेत ते, जुळवतात. कॅम्बर खरंच बाहेर असेल तर वाकलेला किंवा झिजलेला भाग शोधायचा, रॉड लावून स्ट्रट (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा भाग) वाकवायचा नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा.

नायट्रोजन 400 रुपये. साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

बिल कच्चं, ‘28 टक्के टॅक्स धरून’. नव्या टायरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे. पक्क्या बिलावर एचएसएन क्रमांकही, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कोड, पाहावा. 4011 म्हणजे नवा टायर, 4012 म्हणजे वापरलेला किंवा रिट्रेड केलेला (जुन्यावर नवं रबर चढवलेला).

आणि स्टेपनी? या गाडीला ती नाही, ठेवायला खळगाही नाही. रनफ्लॅट काढल्यावर 12 व्होल्टचा पंप, सीलंटची (छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आणि पंक्चरचा किट डिकीत हवाच. दुकानदार याबद्दल चकार शब्द बोलला नाही. मुंब्रा बायपासवर रात्री हवा गेली तर काय, हे गिऱ्हाइकाने आपलं आपण बघायचं. सीलंटने बाजूची भिंत फाटलेली भरत नाही आणि बाटलीला मुदत असते, हेही ध्यानात ठेवा.

जुने चार रनफ्लॅट ‘भंगारात 500 चा एक’ म्हणून दुकानातच राहिले. तीन टायरांच्या खाचा 5 मिलिमीटर शिल्लक होत्या. झिजेची खूण 1.6 ला येते. चौथा मात्र हवा नसताना चालवलेला, आतून भिंत कुस्करलेली. तोही पॉलिश होऊन कुणाच्या तरी गाडीला लागणार. टायर घरी न्या, नाहीतर बाजूची भिंत कापून मगच सोडा.

पैसे परत मागताना पक्क्या बिलाअभावीच अडलं. यूपीआयची नोंद, टायरवरच्या क्रमांकांचे फोटो आणि दुसऱ्या दुकानाचा लेखी तपासणी अहवाल हाताशी ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.